गीझर, सोलर, बॉयलर: थर काढला तरी परत येतोय तर आधी थर कुठला ते बघा

तक्रार सगळ्यांची एकच असते. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचा गीझर असो, गच्चीवरचा सोलर असो नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्याचा बॉयलर, पांढरा थर बसतो, माणूस येतो, ॲसिड मारून जातो, पैसे घेतो आणि काही महिन्यांनी परत फोन. मेकॅनिक म्हणणार बोअरचं पाणीच खराब आहे ओ मालक, मालक म्हणणार सॉफ्टनर बसवलाय की मग कसं काय, आणि दोघंही खरं बोलत असतात म्हणून वाद मिटतच नाही.

मला जे सांगायचंय ते एवढंच की पांढरा थर म्हणजे एकच वस्तू धरून चाललो की उपाय चुकतो. आपल्या पाण्यातून बसणारे थर मुख्यतः तीन. चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि सिलिका, वाळू-काच जिची बनते ती. पहिले दोन पाणी तापलं की बसतात. सिलिकाचं बरोबर उलटं, ती पाणी निवलं किंवा आटलं की बसते. त्यामुळे एकाला जो उपाय लागू पडतो तो दुसऱ्याला शून्य, कधीकधी उलटाच पडतो. हे सगळ्यात महागात शिकलेले लोक म्हणजे जिओथर्मलवाले, जमिनीतून दोनशे-तीनशे अंशाचं पाणी वर काढून वीज करणारे. त्यांच्या विहिरीच्या पाइपात आणि आपल्या गीझरमध्ये रसायन तेच, फक्त आकडे मोठे. म्हणून त्यांची उदाहरणं घेत घेत सांगतो, नाहीतर नुसतं "हे टाका ते टाका" सांगून उपयोग होत नाही, परत थर बसला की माणूस परत विचारतो.

आधी हे पाण्यात येतं कुठून ते. सोलापूर पूर्ण काळ्या कातळावर बसलंय, दख्खनचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बोअर मारताना मुरूम लागतो, मग मांजऱ्या (पोकळ्या-पोकळ्यांचा दगड), मग घट्ट कातळ, आणि पाणी मिळतं ते फटींमधून आणि मांजऱ्याच्या पोकळ्यांमधून. पावसाचं पाणी मातीतून खाली जाताना मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड उचलतं आणि त्याचं सौम्य आम्ल होतं, सोड्याच्या बाटलीत असतं तेच कार्बोनिक आम्ल, फक्त लई पातळ. हे आम्ल बेसाल्टातल्या फेल्डस्पार, पायरॉक्सिन आणि काचेसारख्या भागाला हळूहळू खातं. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सुटतं, बायकार्बोनेट तयार होतं आणि दगडाचा सांगाडा जो सिलिकाचा, त्यातली थोडी सिलिकापण विरघळून येते. म्हणजे बेसाल्टाच्या पाण्यात हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) आणि सिलिका हे जोडीनेच येतात. लोक फक्त हार्डनेस मोजतात आणि इथूनच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते.

पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असेल तर हीच क्रिया कितीतरी जोरात होते. आइसलंडमध्ये हेलिशेइदीच्या जिओथर्मल प्लांटजवळ २०१२ मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टात सोडला होता, कार्बफिक्स नावाचा प्रकल्प. २०१६ मध्ये जाहीर झालं की दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांच्या वर वायू कार्बोनेट खनिज होऊन दगडात बसला. म्हणजे आम्लाने दगड विरघळवला, दगडातून कॅल्शियम बाहेर आलं आणि त्याच कॅल्शियमने वायूला पकडून चुना केला. आपल्याकडे बोअरमध्ये अर्धी गोष्ट घडते आणि उरलेली अर्धी आपल्या गीझरमध्ये.

(दगड फोडताना पोकळीत पांढरे-गुलाबी चकचकीत खडे दिसतात ना, त्यातले बरेच झिओलाइट. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट वगैरे. गरम पाणी लाव्ह्याच्या पोकळ्यांतून फिरत असताना त्यातून हे बसलेत. म्हणजे आपला कातळ स्वतःच एक थंड पडलेली जिओथर्मल सिस्टीम आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात याचे असले भारी नमुने आहेत, गेला नसाल तर जा.)

आता चुना. कॅल्शियम पाण्यात टिकून असतं ते बायकार्बोनेटच्या जोडीने, आणि ही जोडी टिकते ती पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या जिवावर. पाणी तापवलं की वायू निघून जातो, पीएच वाढतो (म्हणजे पाण्याचा आंबटपणा कमी होतो), बायकार्बोनेट मोडून कार्बोनेट होतं आणि कॅल्शियम त्याला धरून खाली बसतं. वरून कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभावच असा की पाणी जितकं गरम तितकं ते कमी विरघळतं. साखर-मिठाच्या सवयीने आपल्याला वाटतं गरम पाण्यात सगळंच जास्त विरघळत असेल, इथे तसं नाही. म्हणून थर कुठे बसतो? जिथे सगळ्यात गरम तिथे. गीझरमध्ये थर्मोस्टॅट ६० दाखवत असला तरी कॉईलचा पृष्ठभाग त्याहून बराच तापलेला असतो, त्यामुळे टाकी ठीक आणि कॉईल मात्र जाड होऊन बसलेली.

तुर्कस्तानातल्या किझिलदेरेला हेच झालं. तिथला पहिला वीज प्लांट १९८४ चा, पाणी दोनशे अंशांच्या वर आणि कार्बन डायऑक्साइडने ठासून भरलेलं. विहिरीतून वर येताना दाब कमी होतो, एका खोलीवर पाणी उकळायला लागतं, वायू एकदम सुटतो आणि बरोबर त्याच ठिकाणी चुना बसून पाइपाचं भोक लहान होत जातं. खाली स्वच्छ, वर बऱ्यापैकी स्वच्छ, मध्ये गळा आवळलेला. सुरुवातीला ते पाइप आतून खरवडून काढायचे, म्हणजे आपण कॉईल खरवडतो तसंच. पुढे त्यांनी थर रोखणारं औषध बारीक नळीने उकळण्याच्या जागेच्या खाली सोडायला सुरुवात केली. खाली सोडायचं, म्हणजे पाणी उकळायच्या आधी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे गीझरला लागणार आहे.

जिप्समबद्दल जास्त लिहीत नाही. ते साधारण ४० अंशांपर्यंत लीटरला दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, त्याच्या वर गरम केलं की कमी होत जातं, आणि बॉयलरच्या तापमानाला तर फारच कमी. ज्यांच्या बोअरमध्ये सल्फेट जास्त त्यांनाच त्रास. पण ते ॲसिडला दाद देत नाही म्हणून लोक त्याला सिलिका समजतात, तेवढं ध्यानात असू द्या.

सिलिकाची गोष्ट जरा मजेशीर आहे. बऱ्याच दगडांत ती क्वार्ट्झ म्हणून असते आणि क्वार्ट्झ गार पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, लीटरला काही मिलिग्रॅम. पण १०० अंशाला साधारण ५०, २०० अंशाला २६५ च्या आसपास. म्हणून जिओथर्मलवाले झऱ्याच्या पाण्यातली सिलिका मोजून उलटा हिशोब लावतात की हे पाणी खोल कुठेतरी किती अंशाला मुरलं असेल. आपल्या कोकणातल्या झऱ्यांवर, तुरळ, राजवाडी, उन्हवरे, गणेशपुरी, सगळीकडे असे हिशोब झालेत. वर येईपर्यंत पाणी निवतं पण सिलिका लगेच बाहेर पडत नाही. कारण क्वार्ट्झचा स्फटिक बनायला थंड पाण्यात प्रचंड वेळ लागतो, म्हणून बाहेर पडते ती बेशिस्त सिलिका, स्फटिक नसलेली, ओपलसारखी. तिची मर्यादा वेगळी आणि वरची, २५ अंशाला साधारण ११५ मिलिग्रॅम, ५० अंशाला १८०, १०० अंशाला ३६० च्या पुढे. जोपर्यंत पाणी या मर्यादेच्या आत तोपर्यंत काही नाही, ओलांडली की चिकट जेल बनायला लागते आणि ती वाळली की काच.

आइसलंडमधल्या स्वार्टसेंगीचं प्लांट १९७६ चं. वापरून झालेलं पाणी त्यांनी शेजारच्या लाव्ह्यावर सोडलं, वाटलं मुरून जाईल. पाणी निवलं, सिलिका सुटली, लाव्ह्याची सगळी छिद्रं बुजली आणि पाणी मुरायचंच थांबलं, तळं साचलं. तेच ते ब्लू लगून, जिथे आता जगभरातले लोक पैसे भरून तोंडाला पांढरा चिखल लावतात. तो चिखल म्हणजे सिलिका. त्यांचं नशीब चांगलं, आपल्या ब्लोडाऊनच्या (बॉयलरमधलं दाट झालेलं पाणी अधूनमधून सोडून देतात त्याच्या) खड्ड्याला कोणी तिकीट काढून येत नाही. न्यूझीलंडच्या वायराकेईला, १९५८ पासून चालू, पाणी नेणाऱ्या उघड्या पाटांमध्ये सिलिका बसायची आणि ती वेळोवेळी काढावी लागायची. बघा, विहिरीत नाही, उकळण्याच्या जागी नाही, निवण्याच्या जागी.

तर थर दिसला की पहिला प्रश्न हा: तो कुठे बसलाय? कॉईलवर, बॉयलरच्या ट्यूबच्या आगीकडच्या टोकाला, सोलरच्या वरच्या भागात, जिथे सगळ्यात गरम तिथेच जाड असेल तर चुना, क्वचित जिप्सम. ब्लोडाऊनच्या पाइपात, कूलिंग टॉवरच्या फिलवर (पाणी ज्यावरून झिरपत निवतं त्या आतल्या जाळीवर), बाथरूमच्या काचेवर, सोलर पॅनेल बोअरच्या पाण्याने धुतल्यावर राहिलेल्या डागांवर, म्हणजे पाणी निवलं किंवा वाळलं त्या ठिकाणी असेल आणि व्हिनेगरने जात नसेल तर सिलिकाचा संशय घ्या. वाळण्याच्या ठिकाणी चुना पण असतोच, पण तो व्हिनेगरने निघतो आणि मागे जी धुरकट काच उरते ती सिलिका.

दुसरं, तुकडा हातात घेऊन बघा. हे घरी होतं, लॅब लागत नाही. थराचा कोरडा तुकडा घ्या, नखाने ओरखडा काढा. नखाने सहज निघाला तर जिप्सम असू शकतं. नखाने नाही पण लोखंडी खिळ्याने निघाला तर चुना. खिळा घसरतोय आणि तुकडाच काचेवर ओरखडा काढतोय तर सिलिका. मिश्र थर असेल तर ही खूण फसवते, म्हणून पुढची चाचणी करा. तुकडा बारीक करून वाटीत व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं (सायट्रिक ॲसिडचं) पाणी टाका. फसफसला आणि जवळजवळ सगळा विरघळला तर चुना, मिटला विषय. फसफसलाच नाही तर धुण्याच्या सोड्याच्या दाट पाण्यात तो तुकडा अर्धा-एक तास उकळा, खायचा सोडा नाही, धुण्याचा. मग पाण्याने चार वेळा स्वच्छ धुवा आणि परत व्हिनेगर टाका. आता फसफसला तर ते जिप्सम होतं, सोड्याने त्याचा चुना झाला. आताही ढिम्म राहिला तर सिलिका किंवा सिलिकेट. थोडा फसफसला, थोडा उरला, तर मिश्र, आणि सोलापुरात बॉयलरमध्ये बहुतेक मिश्रच सापडतो.

घरच्या गीझरवाल्यांनो, तुमचा थर चुन्याचाच आहे, डोळे झाकून. सिलिका लीटरला ४०-५० मिलिग्रॅम असली तरी ६० अंशाच्या पाण्यात ती आरामात राहते, न आटवता तिथे सिलिका बसायचं कारणच नाही. हिशोब बघा, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेस लीटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ६०० च्या बोअरचं दोनशे लीटर पाणी रोज तापवलं तर त्यात चुन्याच्या हिशोबाने १२० ग्रॅम माल फिरतोय. त्यातला दहावा हिस्सा कॉईलवर बसला तरी महिन्याला साडेतीनशे ग्रॅम. मग कॉईल जळते, कारण थर उष्णता अडवतो, आतली तार तापत राहते, आणि माणूस म्हणतो कंपनीने कॉईल हलकी दिली.

उपाय काय तर थर्मोस्टॅट ७५ वरून ६० ला आणा. एवढ्यानेच फरक पडतो, आणि ६० च्या खाली फार नेऊ नका कारण कोमट साठवलेल्या पाण्यात जंतू वाढतात. पॉलिफॉस्फेटचं कार्ट्रिज लावणार असाल तर ते गीझरच्या आधी, थंड पाण्याच्या लाइनवर, किझिलदेरेवाले औषध उकळण्याच्या आधी सोडतात तेच कारण, चुन्याचे कण तयार होतानाच त्याला अडवायचं असतं, एकदा बसल्यावर ते काही करत नाही. आणि फार गरम पाण्यात पॉलिफॉस्फेट स्वतःच मोडतं, म्हणून परत थर्मोस्टॅट ६०. उजनीचं नळाचं पाणी काही दिवसांआड येतं तेव्हा ते वेगळ्या टाकीत धरून फक्त गीझरला देता आलं तर त्यासारखं काही नाही. बोअरचं भांडी-धुण्याला, संडास-बागेला. प्लंबिंगला एकदा खर्च येईल, पण दरवर्षीच्या कॉईलपेक्षा परवडतो.

साफ करताना लोक लिंबूसत्त्व दाट करून कडक गरम पाण्यात घालतात आणि मग म्हणतात पांढरं अजून तसंच आहे. ते चुन्याचं नसतं, कॅल्शियम सायट्रेट असतं, सायट्रिकच कॅल्शियमला धरून खाली बसलेलं, आणि हेही गरम पाण्यात कमीच विरघळतं. म्हणून पाणी कोमट ठेवा, लीटरला पन्नास-साठ ग्रॅमपेक्षा दाट करू नका आणि फसफसणं थांबलं की ते ओतून नवीन करा. थर जाड असेल तर सल्फामिक ॲसिड बरं पडतं, पण तेही साठ अंशांच्या खाली वापरा, उकळवलं तर त्यातून सल्फेट बनतं आणि तुम्ही चुना काढता काढता जिप्सम बनवाल. बाथरूमचं हायड्रोक्लोरिक स्टेनलेसच्या टाकीत घालू नका, क्लोराइडने स्टीलला बारीक भोकं पडतात, महिनाभराने टाकी गळायला लागली की कळतं. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचिंगजवळ नेऊ नका, क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो.

सोलरवाल्यांचा थर मला विचाराल तर हिवाळ्यात नाही, एप्रिल-मेमध्ये बसतो. सोलापुरात बाहेर ४२-४३ अंश, गरम पाणी कोणी वापरत नाही, टाकीतलं पाणी दिवसेंदिवस तसंच पडून आणि पॅनेलमध्ये ते ८० च्या वर जातंय. म्हणजे चुन्याला हवं ते सगळं आयतं मिळालं, उष्णता, वेळ आणि हलणं नाही. उन्हाळ्यात निम्म्या ट्यूबवर गोणपाट नाहीतर शेडनेट टाका, रोज थोडं पाणी काढा, आणि सीझन संपला की ट्यूबच्या तळातला गाळ काढून टाका. तांब्याच्या नळ्यांचं जुनं फ्लॅट पॅनेल असेल आणि पाणी ६०० च्या पुढचं असेल तर मी सरळ हीट एक्सचेंजरवालं बघा म्हणेन, आत स्वच्छ पाणी फिरत राहतं आणि बोअरचं पाणी पॅनेलमध्ये जातच नाही.

कूलरची गंमत वेगळी. तिथे पाणी तापत नाही, आटतं. पॅड दगडासारखे होतात कारण वाफ उडून जाते आणि क्षार तिथेच राहतात, आपण वरून नुसती भर घालत राहतो. टाकीचं पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण सोडून द्या, एवढंच.

आता डाइंग (रंगाई) आणि सायझिंगवाले (सुताला खळ देणारे). इथेच सॉफ्टनरचं भांडण आहे. सॉफ्टनरमधलं रेझिन काय करतं तर कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतं आणि बदल्यात सोडियम देतं, मिठाने धुतलं की परत ताजं, यालाच रिजनरेशन म्हणतात. (पूर्वी या कामाला झिओलाइटच वापरायचे, आपल्या दगडातला भाऊबंद.) पण सिलिका पाण्यात साध्या पीएचला भारित नसते, ती सॉफ्टनरमधून तशीच्या तशी पुढे जाते. हार्डनेस शून्य, सिलिका जितकी होती तितकीच. मालक टेस्ट किटचा निळा रंग बघून खूश, ट्यूबवर मात्र काच.

आकडे लावून बघू. बोअरमध्ये सिलिका लीटरला ४० मिलिग्रॅम धरा, सॉफ्टनरनंतर ४०. बॉयलरचं पाणी ब्लोडाऊन न करता दहा पट आटू दिलं तर ४००. साडेदहा किलो दाबाच्या बॉयलरमध्ये पाणी साधारण १८५ अंशाला असतं, त्या तापमानाला ८०० च्या आसपास सिलिका राहू शकते, म्हणजे नुसत्या पाण्यात अजून जागा आहे. पण ट्यूबच्या गरम पृष्ठभागावर आधीच चुन्याचा थोडा थर असेल तर त्या थराच्या छिद्रात पाणी शिरतं, वाफ होऊन निघून जातं आणि आत मागे राहतं ते शंभर पट दाट. तिथे सिलिका बसते आणि चुन्याला सिमेंट करून टाकते. त्यामुळे सिलिका बॉयलरमध्ये एकटी कमी येते, चुन्याच्या पाठीवर बसून येते. सॉफ्टनर मध्येच संपला, शिफ्ट बदलताना कोणी रिजनरेशन विसरलं, तीन तास हार्ड पाणी गेलं, तेवढा चुना पुरतो. म्हणून सॉफ्टनरच्या बाहेरचा हार्डनेस दिवसातून एकदा न बघता प्रत्येक रिजनरेशनच्या आधी बघा, थेंबवाल्या किटने, लाल म्हणजे संपला आणि निळा म्हणजे चालू.

आणि तेच ४०० चं पाणी ब्लोडाऊनमधून बाहेर येऊन ५० अंशाला निवलं की मर्यादा १८० वर आली, मग पाइपात बसणारच. बॉयलरचं पाणी अल्कलाइन असतं त्यामुळे थोडी सूट मिळते, पीएच नऊच्या वर गेला की सिलिका जास्त विरघळते, पण त्याच पाइपात ब्लोडाऊनसोबत दुसरं साधं पाणी मिसळलं की पीएच खाली आणि सूट संपली. ब्लोडाऊनची लाइन लांब, बारीक आणि वळणं घेत नेऊ नका. जिओथर्मलवाले वापरलेलं पाणी गरम असतानाच परत जमिनीत सोडतात किंवा मुद्दाम उघड्या टाकीत थांबवून सिलिका तिथेच पडू देतात. आपल्याला दुसरं जमतं, बॉयलरपासून जवळ उघडा हौद, पाणी तिथे निवू दे, गाळ फावड्याने काढता येतो.

दोन पाणी मिसळण्यावरून रेक्याविकचं आठवलं. तिथे शहरभर गरम पाण्याचा पुरवठा आहे, एक खरं जिओथर्मल पाणी आणि दुसरं नेस्यावेलिरला साधं थंड पाणी तापवून आणलेलं. १९९० मध्ये दोन्ही एकाच लाइनीत मिसळली आणि मॅग्नेशियम सिलिकेटचा थर बसायला लागला. एकात सिलिका आणि जास्त पीएच, दुसऱ्यात मॅग्नेशियम, वेगळी असताना दोन्ही ठीकठाक. त्यांनी मग दोन्ही पाणी वेगवेगळ्या भागांना द्यायला सुरू केलं. आपल्याकडे फीड टँकमध्ये कंडेन्सेट (वाफेचं परत आलेलं पाणी) कमी पडलं की फायरमन सॉफ्टनर बायपास करून थेट बोअर सोडतो, त्यात मॅग्नेशियम भरपूर, बॉयलरमध्ये कॉस्टिक सोडा आणि सिलिका आधीच आहे. बायपास व्हॉल्व्हला कुलूप लावा, खरंच लावा.

कूलिंग टॉवरला साधा नियम, सिलिका १५० च्या वर जाऊ द्यायची नाही. ४० चं पाणी असेल तर साडेतीन पटीच्या पुढे आटवू नका, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कितीही कमी दिसत असला तरी. आरओ लावला तर सिलिका बरीच अडते, पण मग ती आरओच्या रिजेक्टमध्ये (सोडून द्यायच्या पाण्यात) दाट होते आणि मेम्ब्रेनवर काच बसवते, म्हणून आरओवाल्याला सिलिकाचा आकडा आधी द्या, तो न घेता जो रिकव्हरी (आत गेलेल्यातलं किती पाणी शुद्ध मिळतं ते) ८० टक्के सांगतोय त्याच्याकडून घेऊ नका.

सिलिकाचा थर बसलाच तर? साधं ॲसिड त्याला काही करत नाही. गरम कॉस्टिक हळूहळू खातं, त्यानंतर ॲसिड, परत कॉस्टिक, असं आलटून पालटून मिश्र थर निघतो. बॉयलर असेल तर हे इनहिबिटर (लोखंडाला ॲसिडपासून वाचवणारं औषध) वापरणाऱ्या, हायड्रोजनला बाहेर जायला वाट ठेवणाऱ्या जाणकार माणसाकडूनच. काही लोक बायफ्लोराइडची पावडर आणून देतात, झटपट निघतो म्हणून. निघतो, कारण त्यातून हायड्रोफ्लोरिक ॲसिड बनतं, आणि ते कातडीतून आत जाऊन हाडातल्या कॅल्शियमपर्यंत पोचतं, सुरुवातीला दुखतसुद्धा नाही. कोणी आणली तर गेटवरूनच परत पाठवा. चुंबकाचे पट्टे पाइपाला बांधून थर थांबतो असं विकणारे पण फिरतात, चुन्यावर त्याचे निकाल एकसारखे येत नाहीत आणि सिलिकावर त्यावर पैसे घालण्यासारखं मला काही दिसलेलं नाही.

शेवटी लॅबबद्दल. साध्या पाणी तपासणीच्या रिपोर्टमध्ये सिलिका बऱ्याचदा नसते, वेगळी मागावी लागते. टीडीएस, हार्डनेस, अल्कलिनिटी, सल्फेट, मॅग्नेशियम आणि सिलिका, एवढे एकदम मागा, बोअर, सॉफ्टनरनंतर आणि ब्लोडाऊन असे तीन ठिकाणचे नमुने द्या. बाटली प्लॅस्टिकची, काचेची नको, काचेतून सिलिका सुटते. आणि ब्लोडाऊनचा नमुना गरम असतानाच डिस्टिल्ड पाणी घालून दहा पट पातळ करा, एक भाग नमुना आणि नऊ भाग डिस्टिल्ड, बाटलीवर तसं लिहा. जिओथर्मल विहिरींवर असंच करतात, नाहीतर लॅबपर्यंत जाताना पाणी निवतं, सिलिका बाटलीच्या तळाशी बसते आणि रिपोर्टमध्ये आकडा कमी दिसतो.